कागद फक्त जातीसाठीच उघडायचा का? अभिलेख कक्षांच्या प्रमुखांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या तहसील, भूमी अभिलेख आणि जिल्हाधिकारी कार्यालयांतल्या अभिलेख कक्षांचे प्रमुख, तसेच त्यांच्यावर देखरेख ठेवणारे वरिष्ठ अधिकारी

विषय : जुन्या जन्म-मृत्यू नोंदवह्या आणि खोती दप्तर कुटुंबाच्या इतिहासासाठी पाहू न देण्याबाबत

महोदय / महोदया,

कोकणातल्या एका तहसील कार्यालयाने मला लेखी कळवलं आहे की माझ्या गावच्या १८९० ते १९२० या काळातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या मला पाहता येणार नाहीत, कारण त्यांत ‘त्रयस्थ व्यक्तींची वैयक्तिक माहिती’ आहे. त्याआधी तोंडी जे सांगितलं गेलं ते जास्त मोकळं होतं. “जातीच्या दाखल्यासाठी असेल तर अर्ज करा, काढून देतो. नुसतं बघायला मिळत नाही.” मी सांगितलं की माझ्या खापरपणजोबांच्या भावाचा शोध घेते आहे. त्यावर प्रश्न आला, “त्याचा आता काय उपयोग?”

उपयोग सांगते. त्या कार्यालयाचं नाव घेत नाही, कारण हाच प्रश्न मला ओळखीच्या किती तरी जणांनी आपापल्या तालुक्यातून ऐकवला आहे. कारकून बदलतो, प्रश्न तोच राहतो.

आमच्या घरात एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे : धाकटा मोरसला गेला तो परत आला नाही. मोरस म्हणजे मॉरिशस. त्या माणसाचं नाव कोणाला सांगता येत नव्हतं. पितृपक्षात आजी ‘ज्यांची नावं माहीत नाहीत त्यांच्यासाठी’ म्हणून एक पान वेगळं वाढायची, त्यात तो आला असं धरायचं.

१८३४ पासून पुढची सत्तर-ऐंशी वर्षं हिंदुस्थानातून सुमारे साडेचार लाख माणसं करारावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेली. बहुतेक कलकत्त्याहून आणि मद्रासहून गेली. मुंबई बंदरातून गेलेली संख्येने कमी, पण त्यांत रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा या बाजूची माणसं बरीच होती. ती पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर उतरली तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. उतरणाऱ्या प्रत्येकाची वहीत नोंद झाली : क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, परगणा, गाव, जहाज. त्या वह्या आज मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. तिथल्या वंशजांना त्यांतला उतारा मिळतो. मळेवाल्यांच्या सोयीसाठी लिहिलेला कागद त्यांनी नातवंडा-पतवंडांसाठी जपला.

माझ्या भाच्याने अमेरिकेहून येताना डीएनए चाचणीचा संच आणला आणि माझ्या आत्याला नळीत थुंकायला लावलं. आत्या ऐंशी पार केलेली. आधी तिने नावं ठेवली, मग दोनदा विचारलं की झाकण नीट लागलंय ना. काही आठवड्यांनी निकाल आला. दूरच्या नात्यांच्या यादीत मॉरिशसची एक बाई होती, आत्याशी ४१ सेंटिमॉर्गन जुळणारी. सेंटिमॉर्गन म्हणजे दोघांत किती डीएनए सारखा आहे ते मोजायचं माप.

हा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, ते तुमच्यासाठी लिहिते, कारण “आता डीएनए आहे ना, मग आमचे कागद कशाला?” असंही मला ऐकवलं गेलं आहे. सख्ख्या भावंडांत साधारण निम्मा डीएनए सारखा असतो. सख्ख्या चुलत भावंडांत आठवा हिस्सा. तिसऱ्या पिढीच्या चुलत भावंडांत, म्हणजे दोन भावांच्या पणतवंडांत, एक टक्क्याच्याही आत येतो, आणि अशा दहातल्या एखाद्या जोडीत तर काहीच जुळत नाही. ४१ सेंटिमॉर्गन हेही एक टक्क्याच्या आतच येतं, म्हणजे ते अशाच नात्याला शोभतं. पण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या त्याच दहा-पंधरा गावांत सोयरिकी झाल्या, मामाची मुलगी केली, आतेभावाला दिली. अशा समाजात डीएनए नातं आहे त्यापेक्षा जवळचं दाखवतो. एकाच पूर्वजाकडून आलेला मोठा तुकडा आणि चार पूर्वजांकडून आलेले चार छोटे तुकडे बेरजेत सारखे दिसतात. थुंकीतून इतकंच कळतं की रक्त कुठे तरी एक आहे. कोणाच्या घरात एक आहे, हे कागदच सांगतो.

पुरुषाच्या वंशरेषेची, म्हणजे वाय गुणसूत्राची, चाचणी करता आली असती. त्या बाईचा चुलतभाऊ तयार आहे. इकडे माझा चुलतभाऊ म्हणतो, “उद्या सातबाऱ्यावर नाव लावायला आले तर?” त्याला मी समजावते आहे. पण ती चाचणी झाली तरी एकच मूळपुरुष आहे एवढंच कळेल. तो नक्की किती पिढ्यांमागचा, ते कळणार नाही. शिवाय डीएनएने जात कळत नाही, हेही सांगून टाकते, कारण खिडकीवर मला तेसुद्धा विचारण्यात आलं.

त्या बाईने मोक्याहून काढलेला उतारा मला पाठवला आहे. १८६४ सालचा. वय २२, जिल्हा रत्नागिरी, जात मराठा. बापाचं नाव स्वच्छ वाचता येतं. गावाच्या जागी कारकुनाने ‘कोंड’ एवढं ऐकून पुढे काही तरी गिरवलं आहे. आता रत्नागिरी जिल्ह्यात कोंडगाव आहे, कोंड्ये आहे, कोंडसर आहे, कोंडिवरे आहे, आणि नुसत्या ‘कोंड’ म्हणवणाऱ्या वाड्यांची तर मोजदादच नको.

आमची वंशावळ खापरपणजोबांपाशी थांबते. त्यांच्या बापाचं नाव घरात कोणाला ठाऊक नाही. ते गेले १९००च्या आसपास. म्हणजे तुमच्या कपाटातल्या मृत्यूच्या वहीत एक ओळ असणार : अमुक बिन तमुक, वय, गाव, रोग. ‘बिन’ म्हणजे ‘चा मुलगा’. तो ‘बिन’ आणि त्यापुढचं बापाचं नाव, एवढंच मला हवं आहे. ते मोक्याच्या उताऱ्यातल्या नावाशी जुळलं तर दीडशे वर्षांची तुटलेली दोरी सांधली जाईल. नाही जुळलं तर तेही कळेल, आणि ती बाई दुसऱ्या कोंडाकडे वळेल. दुसरा पुरावा खोती दप्तरात, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांच्या जमिनींच्या जुन्या कागदांत, मिळू शकतो. १८८०च्या खोती कायद्यानंतर रत्नागिरी जिल्ह्यात जी बोटखतं, म्हणजे गावच्या जमिनींची नोंदपत्रकं, तयार झाली त्यांत कुळांची नावं आहेत, भाऊहिस्से आहेत. एखादा भाऊ परागंदा झाला असेल तर तसा शेरा मारलेला असण्याचीही शक्यता आहे.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यांत मोठी, ‘कशासाठी हवंय’ ही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(२) मध्ये स्वच्छ लिहिलं आहे की अर्जदाराकडून माहिती मागण्याचं कारण मागता येणार नाही. संपर्कासाठी लागतो तेवढाच तपशील मागता येतो. तरी तुमच्या छापील अर्जावर ‘प्रयोजन’ असा रकाना आहे, आणि त्यात ‘जात पडताळणी’ किंवा ‘वारस नोंद’ यांपैकी काही लिहिलं नाही तर अर्ज बाजूला पडतो. मला एका सज्जन शिपायाने हळूच सुचवलं, “ताई, जातीचं लिहा ना, कोण बघतंय.” त्याचा हेतू चांगला होता. पण सरकारी कागद बघण्यासाठी नागरिकाने खोटं लिहावं, अशी सोय तुम्ही करून ठेवली आहे.

दुसरी, त्रयस्थाच्या गोपनीयतेची. १९०० साली वारलेला माणूस माझा खापरपणजोबा आहे, त्रयस्थ नव्हे. आणि असता तरी काय? त्याच कायद्याचं कलम ८(३) सांगतं की वीस वर्षांपूर्वीच्या घटनेबद्दलची माहिती द्यायचीच. अपवाद तीनच : देशाची सुरक्षा वगैरे, विधिमंडळाचे विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाची कागदपत्रं. वैयक्तिक माहितीचं कलम त्या अपवादांत नाही. खापरपणजोबांच्या मरणाने देशाच्या सुरक्षेला धोका पोचतो असं तुम्हाला वाटत असेल तर तसं लिहून द्या. मी फ्रेम करून लावीन.

गोपनीयतेची काळजी मलाही आहे, पण ती जिवंत माणसांची. डीएनए चाचण्या विकणाऱ्या ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या अमेरिकी कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती २०२३ साली चोरांच्या हाती गेली, आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तिथे थुंकी पाठवणाऱ्याने दहादा विचार करावा. आत्याचं नाव आम्ही यादीत टोपणनावानेच ठेवलं आहे. पण सव्वाशे वर्षांपूर्वी तापाने गेलेल्या माणसाचं संरक्षण करताना तुमची जी तत्परता दिसते, ती माझ्या अर्जासोबत जोडलेली आधारकार्डाची प्रत खिडकीशेजारच्या टेबलावर उघडी पडली होती तेव्हा दिसली नाही.

तिसरी तक्रार नाजूक आहे, तरी बोलते. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि राज्यभर जुन्या कागदांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. जी कपाटं वर्षानुवर्षं उघडली नव्हती ती उघडली. मोडी वाचणारे शोधून आणले. वह्या स्कॅन झाल्या, नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आल्या. आरक्षणाबद्दल माझं मत काय, याचा इथे संबंध नाही. ज्यांना त्या नोंदींतून हक्काचा कागद मिळाला त्यांना तो मिळायलाच हवा होता. माझं म्हणणं एवढंच की मनात आणलं तर हे करता येतं, हे तुम्हीच दाखवून दिलंत. कपाटाची किल्ली सापडते. मोडीवाला सापडतो. पण त्या वेळी पानं उलटणाऱ्याची नजर एका शब्दावर होती. तो शब्द असलेलं पान टिपलं, बाकीची पानं पुन्हा रुमालात गेली. त्याच पानांवर महार होते, सुतार होते, भंडारी, तेली, गुरव, मुसलमान, खारवी होते. बाळंतपणात गेलेल्या बायका होत्या, पटकीने एका आठवड्यात रिकामी झालेली घरं होती. गावाचा सगळा संसार त्या वहीत आहे, आणि आपण तिला जातीचं रजिस्टर करून टाकलं.

चौथी, वह्यांच्या हालांची. मोडी मी निवृत्तीनंतर शिकले. दुसऱ्या एका गावची १९०८ सालची वही मला एका ओळखीच्या माणसाच्या कामाच्या निमित्ताने पाहायला मिळाली. बांधणीचा दोरा कुजलेला. फाटलेल्या पानावर आडवी सेलोटेप, ती पिवळी पडून खालची शाई तिच्याबरोबर उचलली गेलेली. काही पानं कोणी तरी प्रेमाने लॅमिनेट केली होती. प्लास्टिकच्या आत पान तपकिरी होऊन कुरकुरीत झालं आहे, आणि आता ते सोडवायला जाल तर तुकडे हातात येतील. एका नोंदीवर, बरोबर बापाच्या नावावर, कार्यालयाचा गोल शिक्का. कसरीने जे खाल्लं नाही ते शिक्क्याने खाल्लं. राज्यात २००५चा सार्वजनिक अभिलेख अधिनियम आहे. तो या खोलीत कोणी वाचला असेल असं मला तरी वाटलं नाही.

याउलट नाशिक-त्र्यंबकेश्वरला जा. गाव आणि आडनाव सांगा. तीर्थोपाध्याय मांडीवर वही घेतात आणि थोड्या वेळात तुमच्या आजोबांची सही दाखवतात. सरकारी अनुदान नाही, एसी नाही, ‘प्रयोजन’ नाही. दक्षिणा द्यावी लागते हे खरं. तुमच्याकडेही काही ठिकाणी लागते, पण पान दिसत नाही.

पाचवी, ठावठिकाण्याची. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा निघाला. कोणतं दप्तर कुठे गेलं, हे विचारलं की हा म्हणतो त्यांच्याकडे, तो म्हणतो यांच्याकडे. जमिनीचे कागद भूमी अभिलेखात, जन्म-मृत्यू तहसिलीत, शाळेचं जनरल रजिस्टर शाळेच्या माळ्यावर, जुनं काही पुराभिलेखागारात. माणूस एकच, पण चार खात्यांत विखुरलेला. यादी कोणाकडेच नाही. ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर बऱ्याच जिल्ह्यांचे जुने फेरफार आणि सातबारे घरबसल्या मिळू लागले, त्याबद्दल मनापासून आभार. मग जन्म-मृत्यूच्या वह्यांनीच काय घोडं मारलं?

बायकांबद्दल तुम्हाला दोष देत नाही, तो लिहिणाऱ्यांचा. मुलगी जन्मली की वहीत बापाचं नाव आणि ‘मुलगी’. मरताना ‘अमकी कोम तमका’, म्हणजे नवऱ्याचं नाव पक्कं आणि तिचं माहेर गायब. लग्नात नाव बदललेलं, त्यामुळे सासरच्या वहीतली लक्ष्मी माहेरच्या वहीत कुठली, ते कळायची सोय नाही. पण आईकडून लेकीकडे आणि लेकीकडून नातीकडे जाणारा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ तसाच उतरतो. माझ्या आत्यात तिच्या आईची, आजीची, पणजीची आणि त्याही पलीकडची रेघ आहे, जिच्यातल्या एकीचंही माहेरचं नाव कागदावर नाही. म्हणून तुम्ही वह्यांची सूची कराल तेव्हा आईचं नाव जिथे जिथे सापडेल तिथे ते सूचीत घ्या. नुसती पुरुषांची यादी केलीत तर जुन्या कारकुनाची चूक संगणकात कायमची होईल.

आता हे सगळं एकट्या माझ्या हौसेचं आहे असं कोणाला वाटेल. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती मॉरिशसला गेल्या तेव्हा तिथल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंतच्या लोकांना ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारतात येण्या-राहण्याची मुभा देणारं कार्ड, मिळण्याची तरतूद जाहीर झाली. म्हणजे दिल्ली त्यांना या म्हणते आहे. २०२३ साली तिथे छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा बसला, आपले मंत्री अनावरणाला गेले, भाषणं झाली, मराठी बांधवांची नाळ वगैरे. ती नाळ ज्या कागदात पुरली आहे तो कागद आपल्याच तहसिलीत कुलपात आहे. तिकडचा माणूस सहा पिढ्यांचे दाखले घेऊन येतो आणि सातव्यासाठी आपल्या खिडकीवर अडतो.

मागण्या साध्या आहेत.

अर्जावरचा ‘प्रयोजन’ रकाना काढा. आज काढता येईल, त्याला शासननिर्णय लागत नाही.

शंभर वर्षांपूर्वीच्या जन्म-मृत्यू नोंदवह्या आणि बोटखतं, फैसलपत्रकं यांसारखी जमिनीची जुनी कागदपत्रं कोणालाही कार्यालयात बसून पाहता यावीत. ओळखपत्र घ्या, पेन आत नेऊ देऊ नका, माणूस समोर बसवा. हे सगळं मान्य आहे.

प्रत्येक कार्यालयाने आपल्याकडे कोणत्या गावची, कोणत्या सालची, कोणती वही आहे आणि तिची अवस्था काय, याची यादी दारावर आणि संकेतस्थळावर लावावी. वही हरवली असेल तर ‘हरवली’ असं लिहावं. लोक खरं ऐकायला तयार असतात.

लॅमिनेशन आणि सेलोटेप लेखी आदेश काढून बंद करा. स्कॅन करायचं तर वहीच्या पुठ्ठ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत सगळी पानं करा, एका शब्दापुरती नको.

जिल्ह्यात महिन्यातून निदान एक ठरलेला दिवस मोडी वाचणारा माणूस बसवा आणि त्याला रास्त मानधन द्या. २०२३ मध्ये तुम्ही शोधलेले लोक अजून जिवंत आहेत, मोकळे आहेत, आणि बरेच जण फोनची वाट बघतात.

परदेशातल्या वंशजांना ईमेलवर अर्ज करता यावा आणि शुल्क ऑनलाइन भरता यावं. पोर्ट लुईहून कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज पाठवा, असं सांगू नका. त्या बाईला तसं खरोखर सांगितलं गेलं आहे.

वाचणाऱ्यांनाही विनंती : तुम्हाला असं उत्तर मिळालं असेल तर ते लेखी मागून घ्या आणि जपून ठेवा. तोंडी नकाराला अपील करणं अवघड जातं. घरात ऐंशीच्या पुढचं कोणी असेल तर आज संध्याकाळी त्यांच्याशेजारी बसून नावं लिहून काढा, बायकांची माहेरं आधी. चाचणीचा संच नंतर घेतला तरी चालेल.

नकाराच्या पत्राविरुद्ध मी पहिलं अपील दाखल केलं आहे. सुनावणीची तारीख कळवाल तेव्हा पत्त्यावर वाडीचं नाव लिहायला विसरू नका. मागचं पत्र शेजारच्या कोंडावर गेलं होतं.

कळावे,

आपली,
रत्नागिरी जिल्ह्यातली एक निवृत्त शिक्षिका